गव्हाण चोवीस तारखेपर्यंत रिकामी राहू द्या : आमच्या धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळास खुले पत्र

१० नोव्हेंबर २०२५

प्रति,
सन्माननीय प्रमुख धर्मगुरू, पाळकीय मंडळाचे सर्व सदस्य आणि नाताळ महोत्सव समिती,

सप्रेम जय ख्रिस्त.

धर्मग्रामाच्या सूचनापत्रकाचा फोटो माझ्या भाचीने मला पाठवला आणि गेल्या आठवड्यात मठाच्या कार्यालयातील संगणकावर तो मी वाचला. रविवार, ३० नोव्हेंबर रोजी, म्हणजे आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांच्या प्रतीक्षेच्या काळाच्या) पहिल्याच रविवारी, चर्चच्या मैदानात नाताळ महोत्सवाचे उद्घाटन होणार असून २१ डिसेंबरपर्यंत दर शनिवारी व रविवारी रात्री दहापर्यंत तो चालेल. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडणाऱ्या गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षण १४ डिसेंबरला होईल. आणि ‘उपस्थिती अत्यल्प असल्यामुळे’ १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांची पहाटेची मेणबत्त्यांची मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना) यंदापासून बंद करण्यात येत आहे, असे त्यात म्हटले आहे. हे वाचून मला गप्प बसवेना. संत बेनेडिक्ट यांच्या नियमाच्या ५४व्या प्रकरणानुसार मठवासीयाने मठाधिपतींच्या परवानगीशिवाय पत्रव्यवहार करायचा नसतो. ती परवानगी मी मागितली आणि मिळाली, म्हणून लिहीत आहे. निर्णय सर्व गावाला कळवला गेला आहे आणि त्याचा परिणामही सर्व गावावर होणार आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिले आहे.

मी कोण, असे नव्या पिढीतील सदस्यांना वाटेल. माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, पहिले ख्रिस्तशरीर मी इथेच स्वीकारले आणि माझे आईवडील याच चर्चच्या दफनभूमीत आहेत. गेली तेहेतीस वर्षे मी दक्षिण भारतातील एका बेनेडिक्टाइन मठात राहतो. मठात जाण्याची इच्छा माझ्या मनात कुठे रुजली, असे कोणी विचारले की मी ज्या मिस्सेचे नाव सांगतो, तीच मिस्सा आपण बंद करीत आहात.

त्या वेळी मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पहाटे साडेचारला आजी उठवायची. लाल लुगडे, खांद्यावर शाल आणि हातात कंदील घेऊन ती पुढे, मी मागे, असे आम्ही वाडीतल्या पायवाटेने निघायचो. डिसेंबरातले दंव केळीच्या पानांवरून टपटप खाली पडत असे आणि विहिरीजवळच्या वळणावर माझी मान हमखास भिजायची. चर्चमध्ये एकही दिवा लावलेला नसे. वेदीवरच्या दोन मेणबत्त्या तेवढ्या जळत असत आणि त्यांच्यावरून आपापली मेणबत्ती पेटवून एकेक माणूस बाकावर जाऊन बसे. यशयाच्या ग्रंथातील ‘आकाशांनो, वरून दंव पाझरू द्या’ ही प्रार्थना ज्या मिस्सेच्या आरंभी म्हटली जाते, ती ही मिस्सा. मान भिजलेल्या मुलाला तिचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकदा मी आजीला विचारले, की दिवे असताना अंधारात का बसायचे? ती म्हणाली, ‘‘दिवे लावले तर उजाडलेले कळायचे कसे?’’ आणि खरोखरच, ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर परत येईपर्यंत पूर्वेकडच्या खिडक्या राखाडी झालेल्या असत आणि शेवटच्या आशीर्वादापर्यंत समोरच्या माणसाचा चेहरा दिसू लागे.

आगमनकाळ म्हणजे काय, हे मी पुढे लॅटिनमधून शिकलो, मराठीतून शिकवले, पण आजीच्या त्या उत्तरापुढे मी अजून गेलेलो नाही.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असलेल्या काही गोष्टी इथे मांडतो, कारण निर्णय घेताना त्यांचा विचार झालेला दिसत नाही. आगमनकाळ हा नाताळाचा पहिला भाग नाही. तो स्वतंत्र उपासनाकाळ आहे. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या उपासनावर्षाच्या नियमांत त्याचे दुहेरी स्वरूप सांगितले आहे : देवपुत्राच्या पहिल्या येण्याचे स्मरण आणि काळाच्या अखेरीस तो पुन्हा येईल त्याची प्रतीक्षा. म्हणून पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात गोठाही नसतो आणि बाळही नसते. ‘जागे राहा’ एवढीच आज्ञा असते. म्हणूनच धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, रविवारच्या मिस्सेत गौरवगीत गायले जात नाही आणि वेदीवरची फुले व वाद्ये यांत संयम ठेवावा, जन्मोत्सवाचा पूर्ण आनंद आधीच उधळू नये, असे मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. पाचव्या शतकात तूर शहराचे बिशप पर्पेतुस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिला होता. तितके कडक आज कोणी मागत नाही आणि मीही मागत नाही.

बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी आगमनकाळातील प्रवचनांत प्रभूची तीन आगमने सांगितली. पहिले बेथलेहेमात झाले, शेवटचे वैभवात होईल आणि या दोहोंच्या मधले गुपचूप, माणसाच्या अंतःकरणात होते. पहिले आगमन लोकांनी पाहिले आणि शेवटचेही सगळे पाहतील, पण मधले फक्त ज्याच्याकडे होते त्यालाच कळते. मठात शिरलो तेव्हा मला हे पाठ होते. कळायला बरीच वर्षे गेली. आम्ही पहाटे साडेतीनला उठतो आणि रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या न्याहारीपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्या शांततेत मला फक्त माझाच आवाज ऐकू येत असे : कोणाचे काय चुकले, कोणी मला काय म्हटले, उद्याचे काम कसे उरकायचे. ती गर्दी हळूहळू ओसरू लागते तेव्हा आत एक रिकामी जागा उरते आणि ती फार अस्वस्थ करते. हाताला लागेल ती वस्तू, येईल ते काम आणून माणूस ती भरू पाहतो. आगमनकाळात ती न भरता तशीच ठेवायला मी शिकत आहे. अजून नीट जमत नाही, पण ज्या ज्या वर्षी थोडेसे जमले, त्या त्या वर्षी नाताळची रात्र माझ्यासाठी खरोखर नाताळची रात्र झाली.

१७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत, मारियेच्या स्तोत्राच्या आधी आणि नंतर, आम्ही एकेक आर्त हाक गातो : हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या सूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. प्रत्येक हाकेच्या शेवटच्या भागात ‘ये’ अशी विनवणी असते. लॅटिनमधील या नावांची आद्याक्षरे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली की ‘एरो क्रास’ असे शब्द होतात, म्हणजे ‘उद्या मी असेन’. २१ डिसेंबरला, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास, उगवत्या सूर्याला हाक मारायची पाळी येते. यंदा २१ तारखेला रविवार आहे. त्याच संध्याकाळी आपल्या मैदानात महोत्सवाचा समारोप आणि बक्षीस समारंभ ठेवला आहे.

आता माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी तक्रार गोठ्यांच्या स्पर्धेविषयी आहे. गोठा बनवणे ही आपल्या आळ्यांची कला आहे आणि तिच्याबद्दल मला अभिमान आहे. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावात चारा, बैल आणि गाढव आणून गव्हाणीपुढे नाताळची मिस्सा करवली. त्या गरीब गव्हाणीशी आपल्या बांबूच्या, पेंढ्याच्या आणि मातीच्या गोठ्याचे थेट नाते आहे. पण परीक्षण १४ डिसेंबरला ठेवल्यामुळे काय झाले आहे, ते आपण जवळ जाऊन पाहावे. मागच्या वर्षी परीक्षण १५ तारखेला होते आणि मी घरच्या एका आजारपणामुळे आठवडाभर गावात होतो. आमच्या घराजवळच्या आळीतील गोठा पाहायला गेलो. पूर्वी ८-१० तारखेच्या सुमारास आम्ही मुले पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांत माती भरून नाचणी पेरायचो. रोज सकाळी पाणी शिंपडायचे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी टोके दिसायची, मग हिरवे केस यायचे आणि २४ तारखेपर्यंत बोटभर उंचीचे शेत तयार होऊन गोठ्यात जायचे. त्या गोठ्यात शेताच्या जागी प्लास्टिकचे हिरवे गवत अंथरले होते. मी एका मुलाला विचारले तर तो म्हणाला, ‘‘नाचणी तोवर उगवत नाही, फादर, जजेस लवकर येतात.’’ आणि गव्हाणीत बाळ ठेवलेले होते. कापसावर, निळ्या दिव्याखाली, १५ डिसेंबरलाच. मोकळ्या गव्हाणीमुळे गोठा अपुरा दिसतो आणि गुण कापले जातात, असे त्याने सांगितले.

मी त्या मुलाला दोष देत नाही. गुणपत्रिका ज्यांनी बनवली, त्यांना विनंती करतो की त्यांनी हे परिणाम पाहावेत. २४ तारखेपर्यंत रिकामी राहणारी गव्हाण ही गोठ्यातील सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. येता-जाता लहान मूल तीत डोकावते, अजून कोणी नाही असे पाहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकावते. मोठ्यांनाही त्याहून चांगली प्रार्थना क्वचितच जमते. जी गव्हाण दहा दिवस आधीच भरली, तिच्यात मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर बाळ ठेवायला जागा उरत नाही. मग त्या रात्री मूल पाहणार काय?

दुसरी तक्रार पहाटेच्या मिस्सेची. उपस्थिती कमी आहे हे मला मान्य आहे. मागच्या वर्षी मी गेलो त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. त्यात एक बाई रात्रपाळी करून घरी जाण्याआधी थेट चर्चमध्ये आल्या होत्या, एक तरुण पहिली लोकल पकडण्यापूर्वी सामानासह मागच्या बाकावर बसला होता आणि दोन वृद्ध एकमेकांना धरून आले होते. हे चौदा जण मिळून त्या नऊ दिवसांत साऱ्या गावाच्या वतीने जागे असतात. फिलिपाइन्समध्ये याच नऊ दिवसांत, उजाडण्यापूर्वी, आजही चर्चे तुडुंब भरतात. तिथल्या लोकांनाही कामावर जायचेच असते. पण गर्दीचा मुद्दा मला मुळातच पटत नाही. बेथलेहेमच्या रानात त्या रात्री जागे होते ते मूठभर मेंढपाळ. घोषणा त्यांच्याकडेच आली.

तिसरी गोष्ट आगमनचक्राची आहे. वेदीशेजारच्या हिरव्या चक्रात यंदा विजेवरच्या मेणबत्त्या बसवणार असून ‘सजावट उठून दिसावी’ म्हणून चारही पहिल्या दिवसापासून लावल्या जातील, असे भाचीने कळवले. हे चक्र कुठून आले, ते पाहण्यासारखे आहे. १८३९ साली हाम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विशेर्न हे लुथेरन पाळक गरीब मुलांचे वसतिगृह चालवत होते. नाताळ आला का, असे मुले रोज विचारून त्यांना भंडावून सोडत. तेव्हा त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी लहान लाल आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायची असे ठरवले. दिवस मोजता यावेत यासाठीच ते चाक होते. चारही दिवे एकदम लावले की मोजायला काहीच उरत नाही.

पापनिवेदनासाठी यंदा केवळ दोन संध्याकाळी ठेवल्या आहेत. कारण विचारता, धर्मगुरू महोत्सवात व्यग्र असतील असे उत्तर मिळाल्याचे कळते. यावर अधिक लिहीत नाही.

गरिबांसाठी ठेवली जाणारी आगमनकाळाची दानपेटी मात्र सोडून देता येणार नाही. ती यंदा महोत्सवाच्या निधीत एकत्र केली आहे. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा आहे आणि तो स्टॉलमधून उभा राहील, हा हिशेब मी समजू शकतो. युवक मंडळाची मुले त्यासाठी रात्ररात्र राबतात, हेही मी पाहिले आहे. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी आपण योहान बाप्तिस्त्याचे शब्द ऐकतो. लूकच्या शुभवर्तमानात लोक त्याला विचारतात, ‘आम्ही काय करावे?’ आणि तो सांगतो, की ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ एकही नाही त्याला एक द्यावा. ही पेटी म्हणजे त्या उत्तराला आपला छोटासा होकार आहे. छपरासाठी वेगळे मागा, मी माझ्या नातेवाइकांनाही द्यायला सांगेन. पण गरिबांचा वाटा गरिबांकडेच जाऊ द्या.

काहीजण म्हणतील, की मठाच्या शांततेत बसून उपदेश करणे सोपे आहे. लोकांना आनंद हवा आहे, दिवसभर लोकलमध्ये चेंगरून आलेल्या माणसाला संध्याकाळी दोन घटका करमणूक हवी आहे. मी त्या आनंदाच्या विरोधात नाही. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात १९४४च्या डिसेंबरमध्ये आल्फ्रेड डेल्प नावाचे येशूसंघीय धर्मगुरू बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळावर चिंतन लिहीत होते आणि ते कागद धुण्याच्या कपड्यांतून लपवून बाहेर जात होते. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. आगमनकाळ हा माणसाला हलवून जागे करणारा काळ आहे, असे त्यांनी तिथून लिहिले. त्यांच्या कोठडीत मठाची शांतता नव्हती, सुखही नव्हते. ज्याच्या आयुष्यात काहीतरी अपुरे आहे, ज्याचा मुलगा परदेशातून यायचा आहे, ज्याच्या घरी दुखणे आहे, ज्याची जमीन गेली आहे, त्याच्यासाठी हा काळ आहे. अशा माणसाला चर्चच्या आवारात वर्षातील हे चार आठवडे तरी असे मिळावेत, की जिथे त्याची प्रतीक्षा ध्वनिक्षेपकाखाली दबून जाणार नाही.

आपल्या भाषेलाही हे परके नाही. १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी ख्रिस्तजन्माच्या कथेला एकदम हात घातला नाही. आधी पहिले पुराण, त्याचे छत्तीस अवस्वर (सर्ग), आणि त्यात सृष्टीच्या आरंभापासून संदेष्ट्यांपर्यंत तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांची कहाणी; मग दुसरे पुराण. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पायाच वाट पाहण्यावर घातलेला आहे. शिवाय हे २०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने ‘आशेचे यात्रेकरू’ म्हणून पवित्र वर्ष जाहीर केले आहे. त्याच वर्षी आशेचा उपासनाकाळ गुंडाळला जावा, याचे मला फार दुःख आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

महोत्सव रद्द करू नका, तो पुढे न्या. नाताळकाळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो आणि यंदा ११ जानेवारीला, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. एवढे अडीच आठवडे उत्सवासाठी ख्रिस्तसभेनेच दिले आहेत आणि आपल्याकडे मात्र २६ तारखेला तारे उतरवायला सुरुवात होते. मुलांच्या शाळांना सुटी असते, आखातातून आलेली माणसेही गावात असतात. स्टॉल, गाणी, बक्षिसे हे सर्व त्या दिवसांत अधिक शोभेल.

गोठ्यांचे परीक्षण २८ डिसेंबरला, पवित्र कुटुंबाच्या सणाच्या दिवशी ठेवावे आणि २४च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवणाऱ्या, नाचणी किंवा गहू पेरणाऱ्या गोठ्यांना त्याबद्दल गुण द्यावेत.

पहाटेची मिस्सा पूर्ववत सुरू ठेवावी. सर्व नऊ दिवस शक्य नसतील तर निदान १७ ते २३ हे सात दिवस तरी ठेवावेत. आगमनचक्रावर खऱ्या मेणबत्त्या असाव्यात आणि दर रविवारी एकच नवी पेटावी. आगमनकाळात दररोज संध्याकाळी एक तास चर्च उघडे आणि शांत असावे, दर शनिवारी पापनिवेदनाची सोय असावी. गरिबांची दानपेटी वेगळी ठेवून तिचा हिशेब जानेवारीत सूचनाफलकावर लावावा.

हे विषय २३ नोव्हेंबरच्या, ख्रिस्त राजाच्या सणापूर्वीच्या बैठकीत घ्यावेत आणि जो निर्णय होईल तो कारणांसह मिस्सेनंतर सर्वांना सांगावा, अशी विनंती आहे. निर्णय माझ्या मताविरुद्ध झाला तरी मी रोज पहाटे आपणा सर्वांची नावे घेऊन प्रार्थना करतो, ती तशीच चालू राहील.

या पत्रासोबत भाचीच्या हस्ते मठाच्या शेतातील नाचणीची पाच किलोंची पिशवी पाठवीत आहे. यंदाचे पीक चांगले आले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना ती मूठमूठ वाटून द्यावी आणि दुसऱ्या रविवारनंतर, ८ डिसेंबरच्या सुमारास पेरायला सांगावी. बी रात्रभर भिजवून घ्यावे, माती फार दाबू नये आणि पहिले तीन दिवस झाकणावर ओला कपडा टाकून ठेवावा.

आपला बंधू,
याच धर्मग्रामातील एक मठवासी